जिथे मासा, तिथे मुक्काम



अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कॅनडाच्या हद्दीला अगदी खेटून सॅन हुआन नावाचे एक बेट आहे. त्याच्या पश्चिमेला लाइम किल्न हा खडकाळ किनारा. बोटीत पाय न ठेवता, नुसते खडकावर उभे राहून समुद्रातले ओर्का बघता येतात, म्हणून या किनाऱ्याचे नाव जगभर झाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्याला फार वाट पाहावी लागत नसे. काळी-पांढरी पाठ, पुरुषभर उंचीचा पंख, आणि मागोमाग सगळे खानदान समोरून जाताना दिसे. आता त्याच किनाऱ्यावर, त्याच महिन्यांत, लोक दिवसामागून दिवस रिकाम्या पाण्याकडे बघत बसतात. घर तेच आहे. घरातली माणसे मात्र बाहेरगावी गेली आहेत.

ती का गेली, कुठे गेली आणि परत येणार का, याची हकिकत या महिन्यात आम्ही सांगणार आहोत. विषय दूरच्या समुद्राचा आहे. पण त्याचा गाभा प्रत्येक कुटुंबाला कळेल असा आहे. रोजी जिथे असेल तिथे माणूस जातो, आणि ती आटली की वतन सुटते, हे कोकणातल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्या घरातला कोणी ना कोणी पोटासाठी समुद्रापार गेला नाही, असे घर त्या पट्ट्यात शोधावे लागेल.

आधी ओळख करून घेऊ. ओर्काला ‘किलर व्हेल’ म्हणतात, पण तो आहे डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा. तो मासा नाही. हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. जगातल्या बहुतेक सगळ्या समुद्रांत ओर्का आढळतात, पण सगळ्यांचे जगणे सारखे नाही. आपण ज्यांच्याबद्दल बोलत आहोत त्यांना शास्त्रज्ञ ‘दक्षिणेकडचे रहिवासी’ ओर्का म्हणतात. जे, के आणि एल अशी त्यांच्या तीन कळपांची नावे आहेत. व्हँकुव्हर बेट आणि अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य यांच्या मधले आतले पाणी, ज्याला सेलिश समुद्र म्हणतात, ते त्यांचे उन्हाळ्याचे घर.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल बिग या कॅनडाच्या संशोधकाने एक साधी पण मोठी गोष्ट दाखवून दिली. प्रत्येक ओर्काच्या पाठीवरचा पंख आणि त्यामागचा राखाडी डाग वेगळा असतो. फोटो काढले की एकेक जनावर ओळखता येते. १९७६पासून केन बालकम यांनी याच पद्धतीने दक्षिणेकडच्या रहिवाशांची दरवर्षी गणती सुरू केली. त्यामुळे या कळपांतल्या प्रत्येकाची आई कोण, नानी कोण, कोण कधी जन्मले, कोण कधी दिसेनासे झाले, याची नोंद आहे. वन्य प्राण्यांची अशी घराण्यावार वही जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

ही वही काय सांगते? १९६०च्या आणि ७०च्या दशकात मत्स्यालयांत खेळ करायला चाळीसहून अधिक ओर्का या कळपांतून पकडून नेले गेले किंवा पकडताना मेले. त्यांतले बहुतेक लहान होते. १९७०च्या दशकाच्या मध्यात सत्तरच्या आसपास उरले. पकडणे थांबल्यावर संख्या वाढत गेली आणि १९९५मध्ये ९८ झाली. मग पुन्हा उतरली. कॅनडाने आणि २००५मध्ये अमेरिकेने त्यांना ‘धोक्यात आलेली’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. तरी २०२४च्या गणतीत ७३च भरले. पन्नास वर्षांत इतका कायदा झाला, इतका अभ्यास झाला, आणि आकडा फिरून जवळपास तिथेच आला.

याचे एक मोठे उत्तर त्यांच्या दस्तरखानावर आहे.

हे ओर्का मासे खाऊन जगतात, आणि माशांतही मुख्यतः सॅमन. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, पण दोघांचे काही नाते नाही. खरा सॅमन थंड पाण्याचा. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो, आणि काही वर्षांनी अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. समुद्रातून नदीत चढणारा हिलसा, ज्याला आपल्याकडे पाला म्हणतात, तो आठवला की ही चाल लक्षात येईल. फरक इतकाच की पॅसिफिकचा सॅमन अंडी घातल्यावर मरतो. त्याचा हा एकच परतीचा प्रवास असतो.

पॅसिफिकमध्ये सॅमनच्या अनेक जाती आहेत. दक्षिणेकडच्या रहिवाशांना त्यांतला चिनूक हवा असतो. तो सर्वांत मोठा, सर्वांत चरबीदार. एका मोठ्या ओर्काला दिवसाची भूक भागवायला अठरा ते पंचवीस पूर्ण वाढीचे सॅमन लागतात, असा अंदाज आहे. एक मोठा मासा पकडायला जी दमछाक होते, ती लहान माशाला परवडत नाही. म्हणून इतर जातीचे सॅमन लाखोंनी पोहत असले तरी हे चिनूकच शोधतात. शिकारीनंतर पाण्यावर तरंगणारे खवले आणि ओर्कांची विष्ठा जाळीने गोळा करून संशोधकांनी तपासली. उन्हाळ्यात या आतल्या पाण्यात खाल्लेल्या चिनूकपैकी ८० ते ९० टक्के एकट्या फ्रेझर नदीचे निघाले. कॅनडाच्या डोंगरांतून येऊन व्हँकुव्हर शहराजवळ समुद्राला मिळणारी ही नदी. तिच्याकडे निघालेले मासे सॅन हुआन बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळून जातात. ओर्का लाइम किल्नसमोर का दिसत, ते आता कळेल. ते खडकांसाठी किंवा पाहणाऱ्यांसाठी येत नव्हते. तिथून त्यांचे जेवण जात होते.

फ्रेझरचे चिनूक कमी झाले, आणि ओर्कांनी येणे कमी केले. २००४ ते २०२० या सतरा वर्षांच्या नोंदी घेऊन झालेल्या एका अभ्यासात दिसले की उन्हाळ्यातल्या त्यांच्या हक्काच्या जागी हे ओर्का घालवत असलेला वेळ तीन चतुर्थांशांहून अधिक घटला, आणि या घटीचा संबंध फ्रेझरला परतणाऱ्या चिनूकशी लागतो. येण्याची वेळही बदलली. पूर्वी वसंतातच आत शिरणारे कळप आता उशिरा येतात, थोडे थांबतात आणि पुन्हा बाहेरच्या समुद्राकडे वळतात.

मग ते जातात कुठे? शरद ऋतूत ते प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटल शहराजवळच्या खाडीत, चम आणि कोहो या दुसऱ्या सॅमनच्या मागे येतात. थंडीत के आणि एल हे कळप खुल्या किनाऱ्याने दक्षिणेला उतरतात, कधी कधी थेट कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेपर्यंत. काही ओर्कांच्या पंखाला उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे लावली, तेव्हा कळले की हिवाळ्याच्या अखेरीस ते कोलंबिया नदीच्या मुखाजवळ पुन्हा पुन्हा घुटमळतात. तिथे वसंतात नदीत चढणारे चिनूक गोळा होत असतात. बाहेरच्या किनाऱ्यावर हिवाळ्या-वसंतात खाल्लेल्या चिनूकपैकी निम्म्याहून अधिक कोलंबियाच्या खोऱ्यातले निघाले. म्हणजे ओर्कांचे घर म्हणजे एक जागा नव्हे. वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या नद्या त्यांना पोसतात. एका नदीने हात आखडता घेतला की सगळ्या वर्षाचा हिशेब बिघडतो.

इथे एक चमत्कारिक गोष्ट सांगायला हवी. लाइम किल्नसमोर ओर्का अजिबात दिसत नाहीत असे नाही. दिसतात, पण दुसरे. मायकेल बिग यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘बिग्ज’ ओर्का याच पाण्यात फिरतात, आणि ते सील व सागरसिंह खातात. १९७०च्या दशकात सीलची शिकार बंद झाली, सील वाढले, आणि त्यांच्यामागे हे ओर्काही वाढले. नवखा पर्यटक त्यांना बघून खूश होऊन जातो, ओर्का तर मजेत आहेत म्हणतो. पण मासे खाणारे आणि सील खाणारे एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्यात सोयरिक होत नाही, बोलीही वेगळी. पाणी एक, पोशाख एक, पण घराणी दोन. एकाच्या घरी सुकाळ आहे, शेजारच्या घरी दुष्काळ.

मग उपाशी ओर्का सील का खात नाही? वाचकांना पडेल तोच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. उत्तर असे की, काय खायचे, ते कसे पकडायचे, हे ओर्का आईकडून आणि नानीकडून शिकतो. मासा शोधायला आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकावा लागतो. सीलला मात्र ते आवाज ऐकू येतात, म्हणून त्याची शिकार चिडीचूप राहून करावी लागते. ही सगळी विद्या पिढ्यान् पिढ्या वेगवेगळी चालत आली आहे. ती पोटाच्या आगीने एका हंगामात बदलत नाही.

या घराण्यांत म्हाताऱ्या माद्यांचे स्थान मोठे आहे. मुलगे आणि मुली आयुष्यभर आईच्या कळपात राहतात. ओर्काच्या मादीला मूल होण्याचे वय सरल्यावरही ती दशकानुदशके जगते. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की कळप चालतो तेव्हा पुढे बहुधा अशा वयस्कर माद्या असतात, आणि ज्या वर्षी सॅमन कमी असतो त्या वर्षी हे अधिक ठळकपणे दिसते. मासे कुठे आणि कधी मिळतात, ही आठवण त्यांच्याजवळ असते. नानी जिवंत असेल तर नातवंडे तगण्याची शक्यता वाढते, हेही पुढे दिसून आले. आम्हाला या ठिकाणी थांबून विचार करावासा वाटतो. चाळीस-पन्नास वर्षांची पक्की आठवण घेऊन नानी कळपाला नदीच्या तोंडाशी आणते, आणि नदीच बदललेली असते. तिचे काही चुकलेले नसते. तिच्या ओळखीचे जगच राहिलेले नसते.

भुकेचा पहिला मार गरोदर मादीला बसतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ ते २०१४ या काळात ओर्कांची विष्ठा गोळा करून तिच्यातली संप्रेरके तपासली. विष्ठा पाण्यावर फार वेळ राहत नाही. ती शोधायला त्यांनी टकर नावाचा एक काळा लॅब्राडोर कुत्रा शिकवून तयार केला होता. हा कुत्रा पाण्यात पोहायला घाबरायचा, पण बोटीच्या टोकावर उभा राहून वास घेत बोटीला बरोबर दिशा दाखवायचा. या तपासणीत आढळलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अपयशी ठरल्या, आणि त्याचे मुख्य कारण अन्नाची टंचाई असल्याचे दिसले. उपासमारीत अंगावरची चरबी वितळते, तशी त्या चरबीत साठलेली कारखान्यांची जुनी विषेही रक्तात आणि दुधात उतरतात. जहाजांच्या गोंगाटाने प्रतिध्वनी ऐकू येईनासा होतो. मासे भरपूर असते तर हे त्रास कदाचित सोसता आले असते. मासे कमी असताना प्रत्येक त्रास दुप्पट होतो. त्यात कळप लहान, म्हणून जवळच्या नात्यात संतती होऊन तिचाही तोटा होतो.

जे-३५ या क्रमांकाची मादी अनेकांना आठवत असेल. २०१८च्या जुलैमध्ये तिला पिलू झाले आणि जन्मल्यावर अर्ध्या तासात गेले. ती ते पिलू डोक्यावर तोलत, बुडू लागले की पुन्हा वर आणत, १७ दिवस फिरत राहिली. सुमारे १,६०० किलोमीटर. जगभरच्या वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली. पुढे २०२०मध्ये तिला एक धडधाकट मुलगा झाला. पण २०२४च्या डिसेंबरात झालेली मुलगी पुन्हा काही दिवसांतच गेली, आणि २०२५च्या सुरुवातीला जे-३५ पुन्हा तसेच कलेवर घेऊन पोहताना लोकांनी पाहिली.

आता मुळाकडे जाऊ. चिनूक का घटला? कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. कोलंबिया नदीवर १९४२मध्ये ग्रँड कुली हे प्रचंड धरण पूर्ण झाले, त्यात माशांना वर जायला वाट ठेवलेलीच नव्हती. वरचे सगळे खोरे सॅमनला कायमचे बंद झाले. तिला मिळणाऱ्या स्नेक नदीच्या खालच्या भागात १९६२ ते १९७५ या काळात चार धरणे झाली. त्यांत माशांसाठी पायऱ्या आहेत, पण समुद्राकडे जाणारी पिले साचलेल्या, तापलेल्या पाण्यात मोठ्या संख्येने मरतात. फ्रेझरच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. तिथे १९१३-१४मध्ये रेल्वेच्या कामात दरड कोसळून नदीचा अरुंद घाट अडला आणि सॅमनची वाट रोखली गेली. २०१९च्या जूनमध्ये बिग बार येथे आणखी एक मोठी दरड आढळली. नदीकाठची जंगले तुटली, खाडीकाठच्या दलदलींना बांध घालून शेते झाली, नद्यांचे पाणी तापले, २०१४ ते २०१६मध्ये पॅसिफिकमध्ये उष्णतेची मोठी लाट आली. मासेमारी तर आधीपासून होतीच. शिवाय उरलेल्या चिनूकचा आकारही लहान होत चालला आहे. म्हणजे मासा मोजून तेवढाच मिळाला तरी घास लहान.

सरकारांनी काय केले? अमेरिकेने २००६मध्ये ओर्कांसाठी सुमारे ६,६०० चौरस किलोमीटर पाणी ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणून जाहीर केले. ते सगळे आतले, उन्हाळ्याचे पाणी होते. कळप बाहेर अधिक राहू लागले, त्यांच्या हिवाळी फेऱ्यांची माहिती मिळाली, तेव्हा २०२१मध्ये कॅनडाच्या हद्दीपासून कॅलिफोर्नियातल्या पॉइंट सुरपर्यंत आणखी ४१,००० चौरस किलोमीटर समुद्र त्यात घातला. कॅनडानेही २०१८मध्ये आपली हद्द वाढवली. बोटींनी किती दूर राहायचे याचे नियम कडक झाले. वॉशिंग्टन राज्यात २०२५पासून हे अंतर एक हजार यार्ड, म्हणजे किलोमीटरला थोडेच कमी आहे.

हे सगळे चांगलेच आहे. पण आमच्या मते यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नकाशावर रेघ ओढून घराचे रक्षण करता येते, दस्तरखानाचे नाही. ओर्काच्या अन्नाची वाट समुद्रातल्या त्या रेघेच्या आत संपत नाही. ती डोंगरातल्या गार ओढ्यात सुरू होते, जिथे चिनूक खड्यांमध्ये अंडी घालतो, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. त्या ओढ्याच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्याने कदाचित ओर्का कधी पाहिलाही नसेल.

म्हणून उपायांची किंमत कोण देणार, हा प्रश्न येतो. स्नेक नदीची धरणे काढली तर वीज जाते, गहू वाहून नेणाऱ्या बोटींची वाट जाते. मासेमारी थांबवली तर कोळ्यांची घरे बसतात. अलास्काच्या पाण्यात पकडले जाणारे पुष्कळ चिनूक दक्षिणेच्या नद्यांकडे निघालेले असतात. तिथला कोळी म्हणतो, धरणे तुम्ही बांधली, जाळे आम्ही का गुंडाळायचे? या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवासी जमातींचा सवाल त्याहून जुना आहे. १८५५च्या तहात त्यांनी जमिनी दिल्या आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. नदीत मासाच नसेल तर तो हक्क कागदावरचा. त्यांतले लमी लोक ओर्कांना लाटांखाली राहणारे आपले नातेवाईक मानतात. दोघांचा अन्नदाता एकच आहे, हे त्यांना कोणत्याही अभ्यासाच्या आधीपासून ठाऊक होते. उबवणी केंद्रांतून कोट्यवधी पिले सोडणे हा मधला मार्ग काढला गेला आहे. त्याने मासे मिळतात, पण हौदात वाढलेले मासे नदीतल्या मूळ माशांत मिसळून त्यांचा कस उतरवतात, ही धास्ती असते.

तरी निराश व्हावे असे चित्र नाही. वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीवरची शंभर वर्षांच्या घरातली दोन धरणे २०११ ते २०१४मध्ये काढली, आणि सॅमन वर चढू लागला. कॅलिफोर्निया व ऑरेगन यांच्या सीमेवरच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४पर्यंत काढून झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, धरणांच्या मोकळ्या झालेल्या जागा ओलांडून चिनूक ऑरेगनमध्ये पोहोचला. त्या भागात तो १९१२नंतर प्रथमच दिसला. त्याला रस्ता दाखवायला कोणी नानी नव्हती. वाट मोकळी झाली एवढेच त्याला पुरले.

आणखी एक शेजार लक्षात ठेवण्यासारखा आहे. दक्षिणेकडच्या या कळपांच्या उत्तरेला, व्हँकुव्हर बेटाच्या वरच्या अंगाला, ‘उत्तरेकडचे रहिवासी’ ओर्का राहतात. तेही चिनूकच खातात, पण त्यांच्या पाण्यात वर्दळ कमी आणि मासे आधी त्यांच्यासमोरून जातात. ते आज तीनशेहून अधिक आहेत आणि वाढले आहेत. म्हणजे सॅमनवर जगणाऱ्या ओर्काचे दिवस मुळातच भरले, असे म्हणायला जागा नाही.

लाइम किल्नच्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी रिकामे दिसते. तो विचारतो, ओर्का कुठे गेले? आमच्या मते त्याने समुद्राकडे पाठ करून मागच्या डोंगरांकडे बघावे आणि विचारावे, नदी कुठवर मोकळी आहे? उत्तर त्या बाजूला आहे. कोणाला परत घरी बोलवायचे असेल तर आधी चुलीवर काही शिजायला हवे, ही गोष्ट आपल्या घरातली लहान मुलेही समजतात.